लाभार्थी क्रमांक एक

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तेलंगणात, हमरस्त्यावरच्या इचोड्याहून आत वळलं की अर्ध्या तासात लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर कुणीतरी हौसेने पंचायतीचा फलक बघायला येईल, आणि त्या फलकासमोर आजवर जमली तेवढी गर्दी मला पुरेशी आहे.

सगळं सुरू झालं ते एका बातमीने. परदेशात म्हणे काही ठिकाणी कायदा झालाय की, फक्त मोठ्यांसाठी म्हणून ज्या साइटी असतात (कसल्या ते वाचकांनी समजून घ्यावं, माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे), त्या उघडण्याआधी बघणाऱ्याने आपलं वय सिद्ध करायचं. अठराच्या आतला असेल तर दार बंद. वाचून मी भारावून गेलो. मी कोणतीही बातमी वाचून भारावतो असं माझी पत्नी विमलबाई म्हणते. पण या बातमीत तसं काही होतंच. केवढी माणसं त्यासाठी बसली असतील, केवढ्या बैठका झाल्या असतील, लेकरांची केवढी ती काळजी! आणि आपण? आपल्या वाचनालयात फुकटचं नेट चालू आहे आणि दाराशी साधी कडीसुद्धा नाही.

वाचनालयाचा चिटणीस मीच. पंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, चार बाकडी, दोन कपाटं, आणि गेल्या वर्षापासून नेट. कापसाचा भाव बघायला शेतकरी येतात, परीक्षेचे फॉर्म भरायला पोरी येतात, आणि मिसरूड फुटलेली काही पोरं कोपऱ्यात भिंतीकडे पाठ करून बसतात. भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाचा हेतू शुद्ध नसतो, हे मी पस्तीस वर्षं दुकान चालवून शिकलोय.

मी कमिटीची बैठक बोलावली. अध्यक्ष अमृतराव, बी-बियाणांचे व्यापारी, डोळे मिटून ऐकत होते.

"पुढारलेल्या देशांना जे सुचलं ते आपल्या गावाला का सुचू नये?" असं मी शेवटी विचारलं.

"सुचाले पाह्यजे," अमृतराव म्हणाले. "पन मले सांगा भाऊ, आपल्या सरकारनं तसल्या साइटी बंदच केल्या हायत ना?"

"समोरून बंद हायत," मोबाइल दुरुस्तीवाला देवानंद म्हणाला. "मांगून चालू हायत."

त्याला मागचं दार कसं माहीत, हे कुणी विचारलं नाही. गावात एकच माणूस तांत्रिक कामाचा असला की त्याला असे प्रश्न विचारायचे नसतात. ठराव एकमताने झाला आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली.

पहिला प्रश्न, वय ओळखायचं कसं? तिकडे म्हणे संगणक नुसता चेहरा पाहून वय सांगतो. देवानंदने तसलं काहीतरी मोबाइलवर उतरवलं आणि प्रयोग म्हणून अमृतरावांच्या तोंडासमोर धरलं. अमृतराव एकसष्ट वर्षांचे. मोबाइलने एक्केचाळीस सांगितले. त्या क्षणापासून ते या कायद्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले. मग मी पुढे झालो. माझं वय चौपन्न. मोबाइल थोडा वेळ गरगरला आणि बहात्तर म्हणाला.

"उजेडाचा फरक असन," देवानंद म्हणाला.

मी उजेडात जाऊन उभा राहिलो. चौऱ्याहत्तर.

तेवढ्यात वांग्यांची टोपली घेऊन बयनाबाई दारावरून चालल्या होत्या. सत्तरीच्या आहेत, अजून स्वतःच्या मळ्यातला भाजीपाला स्वतः विकतात. देवानंदने मोबाइल त्यांच्याकडे वळवला. 'चेहरा सापडला नाही' असं आलं.

"काय मन्ते ते?" बयनाबाईंनी विचारलं.

"चेहरा सापडून नाही राह्यला मन्ते, माय."

"त्याले काऊन बोल लावता? मले तरी कोठी सापडला," असं म्हणून बयनाबाई वांगी विकायला गेल्या. मग नववीतल्या एका मिशीवाल्या पोराला यंत्राने तीस वर्षांचा ठरवलं आणि चेहऱ्याचा नाद आम्ही सोडला.

मग आधार कार्ड. त्यावरून कळलं की आमचं अर्धं गाव एक जानेवारीला जन्मलं. कार्ड काढताना म्हाताऱ्यांना तारीख विचारली, त्यांनी 'उन्हाळ्यात' सांगितलं, आणि लिहिणाऱ्याने एक जानेवारी लिहून टाकलं. उरलेलं अर्धं गाव शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलं. काही का असेना, कागद तो कागद. अठरा पूर्ण असल्याचा कागद दाखवायचा, नोंदवहीत सही करायची आणि पासवर्ड घ्यायचा, असं ठरलं. नेटच्या दोन लाइनी केल्या. सगळ्यांसाठी धाकटी लाइन, तिच्यावर देवानंदने चाळणी बसवली. आणि सज्ञानांसाठी थोरली लाइन, तिच्यावर काहीच नाही.

नोंदवही मी माझ्या दुकानातली दिली, जाड पुठ्ठ्याची. माझं अक्षर चांगलं आहे. पहिल्या पानावर मी ठळक लिहिलं, 'प्रौढांसाठीची संकेतस्थळे पाहू इच्छिणाऱ्या सज्ञान ग्रामस्थांची नोंदवही', आणि खाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या. या शीर्षकाबद्दल मला पुढे फार बोलणी बसली. पण शीर्षकात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही म्हणतो.

देवानंदची चाळणी मात्र अफाट निघाली. कारागिराचं कौतुक करायलाच हवं, इतकी बारीक चाळणी मी आजवर पाहिलेली नाही. कपाशीच्या संकरित बियाण्याची माहिती उघडेना, कारण त्यात नर आणि मादी ओळींचा उल्लेख. शेळ्यांच्या माहितीत रेतन आलं म्हणून शेळ्या बंद. बाळाला अंगावर कसं पाजावं हे आरोग्यसेविका आशाताईंना बाळंतिणींना दाखवायचं होतं, तेही बंद. एका वर्तमानपत्राचं पान उघडेना, कारण त्याच्या तळाशी बनियनची जाहिरात होती. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ती मिसरूड फुटलेली पोरं दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात यायचीच बंद झाली. त्यांच्या खिशात स्वतःचं नेट होतं. ती आता पुलाखाली बसतात. म्हणजे चार पोरांना काही दिसू नये म्हणून जो बंदोबस्त केला, त्याने त्यांना सोडून बाकी गावाला काही दिसेनासं झालं.

"थोरली लाइन घ्या ना मग," मी शेतकऱ्यांना सांगायचो. "कागद दाखवा, सही करा."

शेतकरी यायचे, नोंदवहीचं पहिलं पान वाचायचे, माझ्याकडे बघायचे, आणि 'चष्मा घरी राह्यला' म्हणून निघून जायचे. वही आठ दिवस कोरी राहिली.

तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पहिलं पाऊल टाकल्याशिवाय समाज पुढे जात नाही. मी सर्वांसमक्ष माझं आधार कार्ड माझ्यासमोर ठेवलं, ते तपासलं, बरोबर असल्याची खात्री करून घेतली आणि अनुक्रमांक एकवर सही केली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अमृतराव तर पंखा बंद करायला म्हणून उठले आणि परत आलेच नाहीत.

इथवर सगळं आपसात होतं. पण खोली पंचायतीची. नोंदवही सुरू झाल्याचं पंचायतीच्या सेक्रेटरी साहेबांना कळलं आणि ते वही बघायला आले. हा तरुण माणूस तेलुगू, निर्मल शहराकडचा. आमच्याशी हिंदीत बोलतो. इतका नियमाने चालणारा अधिकारी आमच्या गावाला आजवर लाभला नव्हता. त्यांनी पहिलं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "ये लिस्ट का मिसल किधर है?"

मिसल म्हणजे फाइल. निजामाचं राज्य गेलं, पण आमच्याकडच्या कचेऱ्यांमधली मिसल काही गेली नाही. मी म्हटलं, मिसल नाही, हा वाचनालयाचा अंतर्गत मामला आहे.

"कमरा पंचायत का है, सुधाकरराव. पंचायत के कमरे में पब्लिक को कुछ मिलता, तो वो बेनिफिट होता. बेनिफिट है तो लिस्ट बोर्ड पे लगाना पड़ता. सात दिन हरकत का टाइम, बाद में ग्रामसभा. घर का लिस्ट ऐसाच, पेन्शन का लिस्ट ऐसाच. रूल है, अंते."

'अंते' म्हणजे तेलुगूत 'बस्स, एवढंच'. हा शब्द उच्चारला गेला की कचेरीतलं कोणतंही बोलणं संपतं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फलकावर यादी लागली. वर तेलुगूत आणि कुणी वंचित राहू नये म्हणून खाली मराठीत. योजनेचं नाव: प्रौढांसाठीची संकेतस्थळे पाहणे. एकूण लाभार्थी: एक. खाली माझं नाव, वडिलांचं नाव, घर नंबर, वय आणि फोटो. फोटो आधार कार्डावरचा. त्या फोटोतला माणूस कोणत्याही साइटीवर काहीही बघत असेल असं मलाही वाटलं.

नाव नुसतं चाचणीसाठी नोंदवलंय, असं लिहा म्हणून मी विनवलं. साहेबांनी छापील नमुना दाखवला. त्यात चाचणीला जागा नव्हती.

आणि मग दवंडी. हरकतींचा काळ सुरू झाला की आमच्याकडे दवंडी पिटावी लागते, तोही नियमच. धोंडीबा हलगी घेऊन निघाला. हा माणूस गेली तीस वर्षं दवंडी देतोय. त्याचा आवाज असा की एका टोकाला बोलला तर दुसऱ्या टोकाची म्हैस मान वर करते. पण धोंडीबा कागद वाचत नाही. सेक्रेटरी सांगतील ते तो स्वतःच्या शब्दांत बसवतो.

"ऐका हो ऐका! वह्यापुस्तकवाले सुधाकरराव यायले मोठ्या माणसायच्या साइटी पाह्याची मंजुरी भेटून राह्यली हो! ज्याची कोनाची हरकत असन त्यानं सात दिसाच्या आत पंचायतीत सांगा हो! मांगून बोंबलू नका हो!"

ढुम् ढुम् ढुम्. माझ्या दुकानासमोर त्याने ते ओळखीच्या माणसाचं काम म्हणून दोनदा म्हटलं.

दुपारी किनवटला दिलेल्या लेकीचा फोन आला. फलकाचा फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. "बाबा," ती म्हणाली, "तुमी ठीक आहात ना?"

संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. अमृतराव म्हणाले, आजारी पडा, दवाखान्यात भरती व्हा, आजाऱ्याबद्दल गाव वाईट बोलत नाही. देवानंद म्हणाला, काका, फोटोतला मानूस तुमी नाहीच असं सांगून टाका, कोनी बी इश्वास ठेवन. एका शेजाऱ्याने माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "योजनेत महिन्याले किती दिवस पाहाले भेटते?" या सगळ्यांची आपुलकी मी विसरणार नाही.

पण दुकानात गिऱ्हाईक येईना. म्हणजे बापे येत, बिडी पीत उभे राहत आणि हसू दाबत. पोरी येईनात. माझं दुकान पोरींवर चालतं. मराठी, तेलुगू, इंग्रजी, तिन्ही माध्यमांच्या शाळांतल्या पोरी वह्या, नकाशे, प्रॅक्टिकलचे कागद घ्यायला माझ्याकडेच यायच्या. मी त्यांना नावानिशी ओळखतो. कुणाचं गणित कच्चं आहे तेही मला ठाऊक असतं. आता त्यांच्या आया त्यांना पाठवेनाशा झाल्या. समोरच्या गल्लीतली राहीबाई कपाशीच्या खुरपणीला जाते. तिची हर्षाली दहावीला. राहीबाई कामाचा दिवस मोडून, ऑटो करून इचोड्याला गेली आणि तिथून वह्या घेऊन आली. माझ्या दुकानावरूनच गेली, पिशवी पदराखाली धरून.

राहीबाईचं मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. फार वाईट वाटलं. मुलीची आई म्हणून तिने केलं ते बरोबरच होतं. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. हे कळत होतं म्हणून जास्तच लागलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. विमलबाईने ताट उचललं. या सबंध प्रकरणात ती काहीच बोलली नव्हती, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात तिचं असं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

नाव काढून घ्यावं म्हणून मी सेक्रेटरी साहेबांकडे गेलो. त्यांनी सहानुभूतीने ऐकलं. नाव काढता येतं, म्हणाले. लाभ स्वेच्छेने सोडल्याचा अर्ज करायचा. मग 'लाभ सोडणाऱ्यांची यादी' लागते.

"कुठे लागते?"

"बोर्ड पे. फोटो के साथ. सात दिन."

"आणि दवंडी?"

"दवंडी तो होना."

धोंडीबा ती दवंडी कोणत्या शब्दांत देईल याची मी कल्पना केली आणि अर्ज परत खिशात घातला. दुसरा रस्ता एकच होता. कुणीतरी हरकत घ्यायची. ग्रामसभेत एकाने जरी हरकत घेतली तर नाव आपोआप खोडलं जातं. स्वतःच्या नावावर स्वतः हरकत घेता येत नाही, हे मी विचारून घेतलं.

आता हरकत घेणारा एक माणूस शोधायचा, एवढं सोपं काम. पण आमचं गाव वाचकांना ठाऊक नाही. आमच्या गावात बांध कोरले जातात, भावाभावांचे खटले आदिलाबादच्या कोर्टात चालतात, एकमेकांची बैलं कोंडवाड्यात घातली जातात. पण यादीत लागलेल्या नावावर कुणी हरकत घेत नाही. घराची यादी असो की पेन्शनीची, कुणी खोटा घुसला तरी गाव गप्प बसतं. आज मी तुझं खोडलं तर उद्या तू माझं खोडशील, हे आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. सरकारी कागदावर माणसाचं नाव चढायला जन्म जातो, ते उतरवण्याचं पाप इथे कुणी डोक्यावर घेत नाही. या रिवाजाचा मला फार अभिमान. मागच्या वर्षी वाचनालयात मी यावर पाऊण तास भाषण केलं होतं.

"भाऊ, तुमचं नाव एवढ्या मुश्किलीनं लागलं," धोंडीबा म्हणाला, "आन मी खोडू? माहे हात झडन."

"अरे पण मीच सांगतोय ना!"

"तुमी आज रागात हाय. उद्या योजना वाढन, मंग मले शिव्या द्यान."

अमृतरावांनी कानावर हात ठेवले. देवानंद म्हणाला, माझ्या दुकानावर गिऱ्हाईक येणार नाही. मी सात दिवसांत एकवीस माणसांच्या पाया पडलो, त्यातली चार वयाने माझ्यापेक्षा लहान होती. एकानेही माझ्यावर हरकत घेण्याचा हलकेपणा केला नाही. असं गाव शोधून सापडणार नाही. मला रडू येत होतं.

शेवटी ग्रामसभेच्या सकाळी मी विमलबाईला म्हटलं, "तू घे हरकत. घरचं माणूस घेऊ शकतं. मी विचारलंय."

ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाहीन."

सभा पंचायतीच्या ओसरीवर भरली. एरवी ग्रामसभेला माणसं गोळा करायला धोंडीबाला घरोघर फिरावं लागतं. त्या दिवशी ओसरी पुरली नाही, पोरं कडुनिंबाच्या पारावर चढली. बायका एका बाजूला बसल्या होत्या, मागे राहीबाई होती. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. सभेचा बराच वेळ मी फक्त माझ्या चपलाच पाहिल्या.

सेक्रेटरी साहेबांनी पाण्याचे विषय घेतले, दिव्याचे घेतले. मग यादी वाचली. एकच नाव असल्यामुळे ती लवकर संपली.

"इस नाम पे किसीका हरकत?"

मागे कुणीतरी खोकलं. सेक्रेटरी साहेबांनी पेन उचललं.

"मले बोलाचं हाय, साहेब," विमलबाई उभी राहिली.

माझ्या जिवात जीव आला. लाजेने मेलो आणि सुटकेने जगलो, दोन्ही एकदम. सगळी ओसरी तिच्याकडे वळली. ती कधी सभेत बोललेली नाही. हळदीकुंकवातसुद्धा ती ओट्यापाशीच असते. डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"बोलो अम्मा. हरकत है?"

"माही हरकत नाही," ती म्हणाली. "माहं नाव लिहा."

"क्या?"

"दोन नंबरले माहं नाव लिहा. विमलबाई सुधाकरराव. वय पन्नास पूर्ण. हे कार्ड." तिने कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. घरून घेऊनच आली होती.

सेक्रेटरी साहेब गोंधळले. त्यांनी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला की ही यादी कशाची आहे, अम्मा, ये लिस्ट अच्छा नहीं है.

"मले वाचता येते," ती म्हणाली. "अक्षर आमच्याच घरचं हाय."

"मगर कारण क्या लिखूँ?"

"सोबत लिहा."

"सोबत?"

"नवऱ्याची सोबत," विमलबाई म्हणाली, आणि ते लिहून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मी चपलांवरून नजर काढली. मला तिच्याकडे बघायचं होतं, पण डोळ्यांपुढे नीट दिसेना. बत्तीस वर्षांत या बाईला मी भाजीत मीठ कमी आहे, पंखा चालू राहिला, किल्ली कुठे ठेवलीस, एवढंच बोलत आलो होतो. मला तेव्हा तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवतो. घरी बोलायला जमलेलं नाही.

मग बायकांमधून बयनाबाई काठी टेकत उठल्या. "माहं बी लिही रे बाबा. अठराच्या वर हावो मी का नाही?"

"हाव माय!" पारावरून पोरं ओरडली.

"मंग लिही. सत्तर वर्सात मले कोन्याच यादीत नाही घेतलं या लोकायनं. एकात तं असू दे."

ओसरी हसली, पण ते हसणं माझ्याकडे वळलं नाही, हे मला कळलं. बयनाबाईंनी अंगठा उठवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, वांग्यावर शेंडा पोखरणारी अळी पडून राह्यली, ते पाह्याचं. मग रांगच लागली. कुणाला कपाशीचं बियाणं बघायचं होतं, कुणाला शेळ्या. आशाताईंनी बाळंतिणींसाठी म्हणून लिहिलं. देवानंद लाजत लाजत आला. अमृतरावांनी आपलं वय एक्केचाळीस लिहायला सांगितलं आणि कार्ड दाखवायला नकार दिला. धोंडीबा हलगी काखेत धरून आला आणि 'कारण' विचारल्यावर म्हणाला, "सारे चालले मनून."

उन्हं कलली तरी रांग संपेना. राहीबाई मागेच बसून होती. शेवटी ती उठली आणि माझ्या अगदी पुढ्यातून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. सावकाश सही केली, तिला सही करता येते, अंगठा नाही देत ती. वहीकडे थोडा वेळ बघितलं आणि मग वळून निघून गेली.

सेक्रेटरी साहेबांनी शेवटी पेन ठेवलं. एवढ्या सगळ्यांचे फोटो, दोन भाषांत, सात दिवस, आणि फलक आहे तीन फुटांचा. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "सारा गाँव अडल्ट है तो ये रजिस्टर किस के लिए?" असं त्यांनी विचारलं. त्यांनी नोंदवही बंद केली, मिसलीत घातली आणि मिसलीला नाडी बांधली. दोन लाइनींची पुन्हा एक झाली. पुलाखालची पोरं काही परत आली नाहीत. त्यांच्याशी कुणीतरी बसून बोलायला हवं, असं मी सभेनंतर अमृतरावांना म्हणालो. ते म्हणाले, तुमीच बोला. ते काम अजून माझ्याकडे आहे आणि मला त्याची भीती वाटते.

घरी जाताना मी विमलबाईला विचारलं, "हरकत घेतली असती तर एका शब्दात सुटलं असतं ना?"

"सुटलं असतं," ती म्हणाली. "मंग गाव म्हनलं असतं, घरच्या बाईलेच भरवसा नाही."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आन ते शीर्षक. दोन लाल रेघा काऊन ओढल्या? एक पुरली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. झाडलं, पाणी मारलं, गल्ल्यावर बसलो. शाळेची वेळ झाली. रस्त्याने पोरी चालल्या होत्या, मी मुद्दाम रद्दी चाळत बसलो, बघतोय असं दिसू नये म्हणून.

"काका."

हर्षाली होती. एकटी. दप्तरातून तिने दोन वह्या काढल्या, दोनशे पानी, रूळाच्या, इचोड्याच्या दुकानाचा शिक्का असलेल्या.

"आई इचारून राह्यली, ह्या दोन वह्या तुमी परत घ्यान का? म्हन्ते, कागद पातळ हाय, शाई फुटते. तुमच्याच वह्या दे म्हनाव."

दुसऱ्याच्या दुकानातला माल परत घेणारा दुकानदार अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडणार नाही. मी त्या वह्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि तिला माझ्याकडच्या दोन काढून दिल्या. ती शाळेत गेली. मग मी त्यातली एक वही उघडून उजेडात धरली. कागद खरंच पातळ होता.